एकही टचडाउन न करता नामपूरपर्यंत

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. खेळाच्या मैदानाशी माझा संबंध एवढाच, की त्याच्या कडेची बहाव्याची दोन झाडं मी लावून घेतली आहेत. पण मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई प्राध्यापक लागतेच, आणि मे महिन्यात ऐन पेपर तपासणीत हे काम ज्या बाईला वेळेवर बहाणा सुचत नाही तिच्या गळ्यात पडतं. यंदा मला सुचला नाही. त्यातून ओझर, वणी आणि नामपूर असा प्रवास घडला, सगळा आमच्याच जिल्ह्यातला. नाशिकच्या बाईने ओझर-वणीचं प्रवासवर्णन काय लिहायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हटलं असतं. पण आता युद्ध थांबलंय, टीव्हीवाले दुसऱ्या विषयाकडे वळलेत, आणि माझा जीव मात्र अजून थाऱ्यावर नाही. आजही गॅसवर दूध ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. तेव्हा लिहून टाकलेलं बरं.

खेळ अमेरिकन फुटबॉल. दचकू नका, आम्हीही दचकलो होतो. आमचे क्रीडाशिक्षक जाधव सर मोबाइलवर बघून बघून हा खेळ शिकले, आणि जिल्ह्यातल्या इतर कॉलेजांतले आपल्यासारखेच वेडे मित्र गाठून त्यांनी स्पर्धाही सुरू केली. मुली खेळतात तो त्यातला कमी हाणामारीचा प्रकार. पाच-पाच जणी, प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंना रिबिनी. चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबुळका. तो घेऊन समोरच्या संघाच्या मागच्या रेषेपलीकडे पळत जायचं, की झालं टचडाउन. वाटेत कोणी रिबीन ओढली तर जागीच थांबायचं.

आमच्या बहुतेक मुली कबड्डीतून आलेल्या. त्यांना रिबीन दिसतच नाही, त्यांना कंबर दिसते. समोरची पळत आली की आमच्या दोघी-तिघी तिला कवेत घेऊन आडवी करायच्या, शिट्टी वाजायची आणि दंड आम्हाला. हंगामात घरच्या मैदानावरचे सगळे सामने आम्ही हरलो होतो. नुसते हरलो नव्हतो, एकही टचडाउन झालं नव्हतं. "मॅडम, आपण शिकतोय," जाधव सर म्हणायचे. "सर, शिकवणं माझाही धंदा आहे," मी म्हणायचे, "सतत शून्य घेणाऱ्याला आम्ही वेगळं काहीतरी म्हणतो."

संघाची कॅप्टन अश्विनी अहिरे. बागलाणातल्या नामपूरची, कांदा पिकवणाऱ्या घरातली, उंच आणि काटक. कबड्डीत चढाई तिची. तिचा थोरला भाऊ सुनील सैन्यात. मुलीला खेळायला नाशिकला पाठवायचं नाही म्हणून वडील, तिचे नाना, अडून बसले होते, तेव्हा सुट्टीवर आलेल्या सुनीलने तिची बॅग स्वतः खांद्यावर टाकली आणि तिला वसतिगृहात आणून सोडलं. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तेही मी विचारलेलं नसताना.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी युद्ध सुरू झालं. सुनील सीमेवर होता. त्या सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता.

ओझर

कॉलेजची मिनीबस निघाली की द्वारका सर्कलला वळसा घालेपर्यंत भेंड्या सुरू व्हाव्यात, अशी आमच्या मुलींची रीत. या वेळी सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. कुठे काय पडलं, कोणी काय पाडलं, कोणतं शहर अंधारात. खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. "ठेवा ते फोन," म्हणून मी ओरडत होते, आणि पर्समध्ये हात घालून माझा फोन आतल्या आत बघत होते. पुढच्या सीटवरून मंगला भोयेने ते बघितलं आणि गालात हसली. मंगला सुरगाण्याकडची. शेतातली पाखरं गोफणीने हाकलत मोठी झालेली, त्यामुळे चेंडू फेकायचं काम तिच्याकडे. ती कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

ओझरला विमानांचा कारखाना आणि विमानतळ. एरवी त्या रस्त्याने जाताना वर बघायची आठवणही होत नाही. त्या दिवशी बसमधून उतरल्या उतरल्या आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं. आकाश स्वच्छ होतं आणि ऊन चटका देत होतं. मैदानावर बायाच बाया. खेळणाऱ्या मुलींचे वडील बहुतेक कारखान्यात, आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झालेल्या.

सामना निम्म्यावर आला तेव्हा आमच्यावर टचडाउनांचा ढीग झाला होता. तेवढ्यात भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा सराव आहे, हे आधी सांगितलेलं होतं. ओझरच्या मुली शिकवल्याप्रमाणे क्षणात पालथ्या पडल्या, कोपर टेकलेले, बोटं कानात. आमच्या मुली आधी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग धपाधप पडल्या. मीही पडले. साडी नेसून पालथं पडायचा सराव आम्हाला कोणी दिला नव्हता. शेजारून मंगलाचा आवाज आला, "मॅडम, तुमच्याखाली मुंगळं हेत."

सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला. ओझरच्या मुली ताडकन उठल्या. आमच्या तशाच पडून राहिल्या, कारण दमल्या होत्या आणि सावली नसली तरी आडवं पडायला मिळालं होतं. मग वाद सुरू झाला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू अश्विनीच्या हातात होता आणि ती पळत होती. आता खेळ कुठून सुरू करायचा? जाधव सर आणि ओझरचे सर दोघंही मोबाइल काढून नियम शोधू लागले. अमेरिकेत हा खेळ चालू असताना भोंगा वाजत नसावा, त्यामुळे काही सापडलं नाही. शेवटी नाणं उडवलं. तेही आम्ही हरलो.

जेवण ओझरच्या कॅप्टनच्या घरी, कारखान्याच्या वसाहतीत. वरण-भात, बटाट्याची भाजी, कैरीचं ताजं लोणचं आणि शेजारणींनी मिळून लाटलेल्या पोळ्या. आमच्याकडे पाहुण्या संघाला हॉटेलात थाळी खाऊ घालून बिल दाखवतात, इथे आठ घरांतून ताटं आली. कॅप्टनची आई वाढता वाढता म्हणाली, "आमचे हे घरी फक्त अंघोळीला येतात सध्या."

"काय काम चाललंय एवढं?" मी नाक खुपसलंच.

"ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. मॅडम, पोळी घ्या ना गरम."

अश्विनी जेवलीच नाही म्हटलं तरी चालेल. डाव्या हातात फोन, दर दोन घासांनंतर एकच नंबर. 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती' हे वाक्य त्या दिवशी एवढ्या वेळा ऐकलं की त्या आवाजाच्या बाईचा मला राग यायला लागला.

वणी

दिंडोरीच्या बाजूने गेलो. द्राक्षबागा छाटून मोकळ्या झालेल्या, नव्या फुटीची कोवळी पानं उन्हात माना टाकून उभी. वेल एप्रिलमध्ये पार बोडका करतात तेव्हाच पुढच्या हंगामाची सोय होते, असं मी मुलींना उत्साहाने सांगू लागले. कोणी ऐकत नव्हतं. जाधव सर सुद्धा. ते कागदावर बाण काढत होते. ही त्यांची लढाईची आखणी. एरवी ते मुलींसमोर "अटॅक, अटॅक" म्हणून गळा काढायचे. त्या प्रवासात मात्र अश्विनी जवळ असली की ते "पुढे, पुढे" एवढंच म्हणायचे. मी त्यांना दिवसातून दहा वेळा टोमणे मारते, पण हे बघून मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

वणीचा सामना सकाळी होता. तो सांगण्यासारखा नाही. एवढंच सांगते की आमच्या मुलींनी पहिल्यांदाच कोणाला उचलून आपटलं नाही, आणि त्या सभ्यपणाचा फायदा घेऊन वणीच्या मुलींनी आम्हाला धुतलं. टचडाउन शून्य. निकाल लागल्यावर कोणी रडलं नाही. रडायला आधी आशा असावी लागते.

"मॅडम, गडावर जायचं का?" अश्विनीने विचारलं. अर्ध्या मुलींची कुलदेवी सप्तशृंगी, नाही म्हणायची माझी काय बिशाद. दर्शनाला रांग होती, पण नेहमीची नव्हती. नेहमी गडावर पोरं किंचाळतात, आयस्क्रीम मागतात, माणसं सेल्फी काढतात. त्या दिवशी रांगेत बायका जास्त होत्या आणि बोलणं कमी. माझ्या पुढे निफाडकडच्या एक मावशी उभ्या होत्या, हातात खण-नारळ. त्यांचा मुलगा सुट्टीवर आला होता, हळद लागली होती आणि परतायचा निरोप आला. "लगीन उरकून जा म्हनलं चार तासांत, तर म्हनला, आई, गाडी चुकंल," त्या म्हणाल्या. "नवरी मुलगी आमच्या घरी येऊन बसली, अक्षता पडल्याच नाय तरी. तिला जा म्हनू का राहा म्हनू?" रांग सरकली आणि त्या पुढे गेल्या. उत्तर त्यांना नकोच होतं बहुतेक.

सप्तशृंगीची मूर्ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अठरा हातांत शस्त्रं, आणि मान एका अंगाला कललेली. देवी पलीकडच्या डोंगरावरचं पुराण ऐकतेय, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. मी ते अश्विनीला सांगितलं. तिने एकदा मूर्तीकडे बघितलं. "सगळ्यांचं ऐकते मग माझंच का ऐकंना?" असं म्हणाली आणि पुजाऱ्याने पुढे सरका म्हणण्याआधीच तरातरा बाहेर पडली.

खाली आलो तर दोन निरोप आले होते. पहिला सटाण्याहून. शेवटचा सामना तिथल्या कॉलेजशी होता, पण तिथलं मैदान प्रशासनाने युद्धसरावासाठी घेतलं होतं. सामना नामपूरला हलवला, चालेल का? दुसरा आमच्या प्राचार्यांचा. मी उलट फोन लावला.

"मॅडम, टीम परत आणा. पालकांचे फोन येताहेत."

"सर, एकच सामना राहिलाय."

"तो जिंकणार आहात का?"

हे जरा लागलं. लॉजच्या पायऱ्यांवर मुली बसल्या होत्या, ऐकू येत नसल्याचं सोंग करत. अश्विनी उठून माझ्याजवळ आली. "मॅडम, नामपूर माझं गाव आहे. आई-नानांनी मला एकदाही खेळताना बघितलं नाही. दादा नानांना म्हणालेला, एकदा तिला खेळताना बघा, मग बोला." तिने हातातला फोन खिशात घातला. "आणि घरी आई एकटी टीव्हीसमोर बसलीय. मला तिच्यापाशी जायचंय. पण एकटी एसटीने जाऊन रडत बसायचं नाहीय मला. मला खेळत घरी जायचंय."

खरं सांगायचं तर मला स्वतःला परत जायचं नव्हतं. नाशिकला जाऊन काय करणार होते? टीव्हीवर माणसं ओरडणार आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरणार. "सर, आम्ही नामपूर करून येतो," मी फोनवर सांगितलं.

"जबाबदारी तुमची."

"माझीच. दुसरं कोण आहे इथे?" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मुलींच्या शेजारी पायरीवर बसले.

बागलाणच्या वाटेवर

नांदुरीवरून कळवण, कळवणवरून सटाणा. डोंगर मागे पडले, हवा कोरडी झाली आणि रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर सुरू झाले. उन्हाळ कांद्याचे दिवस. ट्रॉलीतून कांद्याची साल उडते आणि बसच्या काचेला येऊन चिकटते. खिडकीतून येणारा वास सटाण्यापर्यंत नकोसा वाटतो, तिथून पुढे तो लक्षातही येत नाही.

सटाण्याच्या स्टँडजवळ उसाच्या रसाला थांबलो. समोर गर्दी होती. एक जवान परत निघालेला, गळ्यात झेंडूचे हार, कपाळभर गुलाल. बायका ओवाळत होत्या आणि तो अवघडून उभा होता. अश्विनी रसाचा ग्लास तसाच ठेवून गर्दीत घुसली. मी तिच्या मागे धावले.

"दादा, माझा भाऊ तिकडे आहे. तीन दिवस झाले, फोन लागत नाही."

त्याने तिला नीट बघून घेतलं. अहिराणीत म्हणाला, "कोणतं गाव तुनं?"

"नामपूर."

"मंग आपलीच बहीण शे तू. आयक. फोन बंद ठेवाले लावतस आम्हले. लागत नई म्हंजे कायबी व्हयनं, आसं नई ऱ्हास. समजनं का?" ती मान हलवून हो म्हणाली. त्याने गळ्यातला एक हार काढून तिच्या हातात दिला. कुठे ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं, एवढंच असेल. बस सुटल्यावर अश्विनीने तो मांडीवर ठेवला आणि मग बऱ्याच वेळाने तिच्यासाठी बांधून घेतलेला थंड वडा स्वतःहून खाल्ला. मी जाधव सरांना खूण केली. ते म्हणाले, "बघितलं मी."

नामपूर

मोसम नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत. तिच्या काठचं हे गाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मैदान बाजार आवाराला लागून. लिलाव उरकलेले ट्रॅक्टर मैदानाच्या कडेला ओळीने लावलेले आणि ट्रॉल्यांमध्ये माणसं उभी. अख्खं गाव लोटलं होतं. युद्धामुळे कोणालाच घरात बसवत नव्हतं, हे एक. अहिऱ्यांची आशा, म्हणजे आमची अश्विनी, खेळणार, हे दुसरं. हा खेळ काय आहे हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मैदान कबड्डीचं, म्हणून गावच्या हौशी पोरांनी फक्की मारताना मधली रेघ चांगली जाडजूड, हातभर रुंद आखली होती. दोन्ही टोकांच्या रेषा, जिथे टचडाउन होतं, त्या मात्र बारीक आणि वाकड्या. जाधव सर कपाळाला हात लावून म्हणाले, "असू दे, दिसतात."

अश्विनीची आई पहिल्या ओळीत खाली मातीवर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर फोन. वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, मागे ट्रॉलीला टेकून उभे, हाताची घडी. माझ्याशी एवढंच बोलले, "जिंकाल का?" मी म्हणाले, "खेळतील." त्यांनी दुसरीकडे बघितलं.

सटाण्याच्या मुली चलाख होत्या. बघता बघता त्यांनी दोन टचडाउन केली. गाव चिडीचूप. चेंडू घेऊन कोणी रेषेपलीकडे पळालं तर त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय, ते त्यांना उमगत नव्हतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, "ती पयाली तं कोन्ही धरं का नई तिले?" मी म्हणाले, धरायचं नसतं, रिबीन ओढायची. ते म्हणाले, "मंग हाई काय खेळ शे!"

वेळ संपत आली होती. मंगलाने चेंडू हातात घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि गोफण फिरवावी तसा हात फिरवून फेकला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे गेला. अश्विनीने तो उडी मारून छातीशी धरला आणि पळाली. सटाण्याची पहिली मुलगी आडवी आली. अश्विनी कमरेत वाकून निसटली, निसटताना तिचा खांदा त्या मुलीला घासला.

"एक!" ट्रॉलीतून कोणीतरी ओरडलं.

दुसरीचा हात रिबिनीपर्यंत आला आणि रिकामा गेला. "दोन!" आता सगळं गाव मोजत होतं. तिसरी आणि चौथी तिला दोन्ही बाजूंनी घेरायला आल्या. अश्विनी मध्ये थबकली, गिरकी घेतली आणि त्या दोघी एकमेकींवर आदळल्या. "तीन! चार!" पुढे मैदान रिकामं. पाचवी पार दुसऱ्या कोपऱ्यात. बारीक वाकडी रेषा समोर, पळत गेलं की झालं. जाधव सरांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. मी केव्हा उभी राहिले मला माहीत नाही. अख्ख्या हंगामातलं पहिलं टचडाउन.

आणि गाव ओरडलं, "माघारी! आशे, माघारी फिर!"

कबड्डीत चढाई करणारी चार गडी बाद करून आपल्या अंगणात परतली नाही तर सगळं फुकट, हे त्या गावाला पाळण्यापासून माहीत. शेकडो गळे एकाच वेळी तिला परत बोलवत होते. त्यात एक आवाज नानांचा होता. हाताची घडी सुटली होती, ते ट्रॉलीवर चढले होते आणि मानेच्या शिरा ताणून ओरडत होते, "परत ये, आशे! परत ये, बेटा!"

अश्विनी जागीच गर्रकन वळली.

"नाही! पुढे! पुढे!" जाधव सर किंचाळले. मीही किंचाळले. आमचं कोण ऐकतंय! ती आल्या वाटेने सुसाट परत निघाली, उठून उभ्या राहणाऱ्या दोघींच्या मधून, थक्क झालेल्या पंचांच्या शेजारून, आणि मधल्या जाड रेघेवर तिने पोटावर झेप घेतली. एका हाताखाली चेंडू आणि दुसरा हात पांढऱ्या फक्कीत.

गावाने जो जल्लोष केला तो मी आयुष्यात विसरणार नाही. टोप्या उडाल्या. कोणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला. सटाण्याची पाचवी मुलगी शांतपणे चालत आली आणि अश्विनीची रिबीन ओढून वर धरली. पंचांनी शिट्टी वाजवली. ती कोणालाच ऐकू आली नाही.

सामना आम्ही हरलो. सटाण्याचे सर जाधव सरांशी हात मिळवताना हसून हसून रडत होते. अश्विनी मात्र मैदानातच बसून राहिली, नाकाला फक्की लागलेली. "मॅडम, ते टचडाउन होतं. समोर कोणीच नव्हतं. मी काय केलं हे?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू, तिचा आला होता आणि त्या गावाचाही. एकदा, फक्त एकदाच, या पोरींच्या नावापुढे काहीतरी लागणार होतं. पण बोलायला तोंड उघडेपर्यंत नाना आले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आपल्या उपरण्याने तिचं नाक पुसलं. "चार," एवढंच म्हणाले. आणि परत एकदा, "चार."

जेवण अहिऱ्यांकडे, सगळ्या संघाला. खापरावरचे मांडे, हात कोपरापर्यंत फिरवून ओढलेले, पुरण आत, आणि बादलीभर आमरस. नाशिकला आम्ही पुरणपोळी लाटतो आणि स्वतःला सुगरण म्हणवतो. हातावर एवढा मोठा मांडा पसरताना बघितल्यावर मी पुढे तो विषय काढला नाही. जाधव सर तिसऱ्या मांड्यावर होते आणि "माघारी" हा शब्द कोणीतरी उच्चारला की ठसका लागेपर्यंत हसत होते. मुली गात होत्या, ओझरच्या आधीपासून राहिलेल्या भेंड्या तिथे सुरू झाल्या. टीव्ही कोपऱ्यात चालू होता, आवाज बंद करून. तो बंद करायला कोणाचा हात धजत नव्हता.

फोन वाजला. अनोळखी नंबर. आईच्या हाताला पुरण लागलेलं होतं, अश्विनीने उचलला आणि तिचा चेहरा बघूनच सगळ्यांना कळलं. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आशे, मी बरा शे. दुसऱ्याना फोन शे, एक मिनिट बोलस. काय चालू शे?"

अश्विनी उठून उभी राहिली. कशीबशी म्हणाली, "दादा, आज इथे मॅच झाली. हरलो आम्ही. सगळ्या हरलो, एकही टचडाउन नाही झालं." आणि रडायला लागली. नाना भिंतीला टेकून उभे राहिले.

आईने फोन तिच्या हातातून घेतला. पुरणाच्या दोन्ही हातांनी, वाटी धरावी तसा तोंडासमोर. "तिनं नको आयकू. चार जणीस्ले बाद करीसन पार रेघलोंग परत उनी तुनी बहीण. आख्खा गावनी देखं. तुना नाना ट्रॉलीवर चढीसन वरडना." पलीकडून हसू आलं, स्पष्ट आणि मोकळं. आम्ही सगळेच हसलो. मी अश्विनीच्या आईच्या शेजारीच बसले होते. तेवढ्यात आवाज तुटला. फोनच्या पडद्यावरून कॉल गेला आणि नुसतं घड्याळ दिसायला लागलं. आईचं लक्ष नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते.

"तू बी परत ये," ती म्हणाली. "जिकानं-हारानं ऱ्हाऊ दे. नुस्ता परत ये, बाप."

घरात कोणी हललं नाही. ती वाट बघत थांबली, मग डोळे उघडून फोनकडे बघितलं आणि तो माझ्यासमोर धरला. मी कॉलेजात शिकवते, मला यातलं कळत असेल, असं तिला वाटलं असावं.

"आयकं ना त्यानी?"

"ऐकलं," मी म्हणाले.